दोष पंख्याचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना टेबलपंखा आहे. मी सारखी मान हलवतो म्हणून मला कुणी नकारघंटा समजू नये. मान हलवणं हे माझं कामच आहे. खरं तर मी आयुष्यात कधी कुणाला नाही म्हटलं नाही, आणि माझ्या सगळ्या मनस्तापाचं मूळ तिथंच आहे.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. लोखंडी जड बूड, तीन पाती, पुढे जाळी आणि अंगाला पोपटी रंग. बुडाशी चालू-बंद करायचा खटका आणि पाठीवर एक छोटी खुंटी. खुंटी वर ओढली की मी सरळ समोर बघतो, खाली दाबली की मान फिरवतो. एवढं साधं माझं शास्त्र. पण ही खुंटी नीट बघण्याइतकी सवड मला फार थोड्या माणसांत आढळली.

माझी पहिली नोकरी आत्याच्या शिवणखोलीत होती. आत्या म्हणजे पुढे ज्याची गोष्ट येईल त्या मुलाची आत्या, पण कपडे शिवून घ्यायला येणारे सगळेच तिला आत्या म्हणत, म्हणून मीही म्हणतो. मी लागलो की कापड बेतायचे तिचे कागद उडत. ती त्यांच्यावर कात्री ठेवी आणि मला चार शब्द सुनावी. बंद केलं की घामाची धार कापडावर पडे, म्हणून पुन्हा लावी. दिवसभर हेच. तरी गिऱ्हाइकांपुढे मात्र म्हणायची, "हा आहे म्हणून माझे हात चालतात." तेवढ्यावर मी वर्षानुवर्षं फिरलो. कौतुकाला भुलणारे माणसांतच असतात असं नाही.

पुढे खोलीत छताला पंखा लागला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. डोक्यावर जुनी घोंगडी टाकली होती. पात्यांवर इतकी धूळ बसली की माझा पोपटी रंग मलाच आठवेना.

तिथून मला खाली काढलं ते आत्याच्या भाच्यानं. घरात त्याला सगळे घाई म्हणत, कारण हा मुलगा आंघोळ करून यायचा तो कानात साबण घेऊनच. शाळांच्या विज्ञान स्पर्धेसाठी त्याला एक साखळी-यंत्र करायचं होतं. एका वस्तूनं दुसरीला ढकलायचं, दुसरीनं तिसरीला ओढायचं, असं करत शेवटी घंटा वाजली पाहिजे. एकदा सुरू केलं की कुणी हात लावायचा नाही. जोडीला त्याच्या वर्गातली एक उंच, सडसडीत मुलगी होती. तिला वर्गानं फूटपट्टी नाव ठेवलं होतं, आणि ती प्रत्येक गोष्ट मोजून करायची, त्यामुळे ते तिला दुहेरी शोभायचं.

त्यांचं यंत्र असं होतं. पडदा सरकवायच्या जुन्या पन्हळीतून गोटी घरंगळत येई आणि ओळीनं उभ्या केलेल्या लाकडी ठोकळ्यांना पाडी. शेवटचा ठोकळा एका जाड पुस्तकाला टेबलावरून ढकली. पुस्तकाला बांधलेला धागा माझा खटका ओढी. मग मी वारा घालायचा, परातीतल्या पाण्यात थर्माकोलची होडी पुढे न्यायची, आणि होडीनं पलीकडची पट्टी ढकलून घंटा वाजवायची.

पहिल्याच चाचणीत पुस्तक धप्पकन पडलं आणि मी मात्र जागचा हललो नाही.

"पंखाच मेलाय," घाई म्हणाला.

मी मेलो नव्हतो. धागा लोकरीचा होता. आत्याच्या टोपलीतून हाताला लागला तो यानं ओढला होता. पुस्तक पडलं की लोकर ताणली जाई आणि माझ्या खटक्यापर्यंत जोर पोचतच नसे. हे मला कळत होतं, पण मला तोंड कुठं आहे?

फूटपट्टीच्या मात्र लक्षात आलं. ती वाकून म्हणाली, "धागा ताणला जातोय बघ. सुतळी लाव."

"धाग्याचं काही नाही. पंखा जुनाट आहे."

"एकदा लावून तर बघ."

"तू मोजत बस. मला हे आज संपवायचंय."

त्यानं पुन्हा गोटी सोडली. पुन्हा तेच. मग माझ्या डोक्यावर टपली मारली. पुन्हा गोटी, पुन्हा तेच, पुन्हा टपली. ताणणार लोकर आणि मार खाणार मी. शेवटी फूटपट्टीनं आपलं दप्तर उचललं. "तुला जोडीदार नकोय, फक्त ठोकळे मांडायला कुणीतरी हवंय," एवढं म्हणून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

घाईनं तिची वाट पाहिली का? छे. त्यानं बाबांकडून नवा पंखा मागून आणला. गुळगुळीत, पांढरा, बटणांचा. माझी उचलबांगडी कोपऱ्यात झाली. नव्याच्या बटणावर एक पट्टी टेकवून घाईनं तिला तीच लोकर बांधली. मी कोपऱ्यातून बघत होतो. पुस्तक पडलं, लोकर ताणली, पंखा ढिम्म. खरं सांगतो, मला आनंद व्हायला हवा होता. पण तो मुलगा जमिनीवर फतकल मारून बसला आणि लोकरीचा धागा बोटांत घेऊन ताणत राहिला, सोडत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

आत्या शिवता शिवता म्हणाली, "काय झालं रे?"

"ती बरोबर बोलत होती."

"मग हे मला कशाला सांगतोस?"

तो चपला घालून बाहेर पडला. तिकडे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण परत आला तेव्हा फूटपट्टी त्याच्या मागे होती आणि तिच्या हातात सुतळीचं बंडल होतं. नव्या पंख्याचं बटण दाबायला फार जोर लागे, माझा खटका सहज ओढला जाई, म्हणून मी पुन्हा टेबलावर चढलो. सुतळी बांधली. गोटी सुटली, ठोकळे पडले, पुस्तक पडलं आणि मी सुरू झालो. होडी सरसर गेली. घंटा वाजली. कुणी माझी माफी मागितली नाही. फूटपट्टीनं तेवढी ओल्या फडक्यानं पाती पुसली.

स्पर्धा एका मोठ्या सभागृहात होती. आमचं टेबल खिडकीशी होतं. घाईनं गाडीतून मला काखोटीला मारून आणलं आणि आदळलं. त्या दणक्यानं माझी खुंटी सैल झाली. यंत्र सुरू करण्यापूर्वी ती तपासायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं तपासली होती का? तुम्हीच ओळखा.

परीक्षक बाई आल्या. गोटी सुटली. सगळं ठीक चाललं. मी सुरू झालो, होडी निघाली, आणि अर्ध्या वाटेत माझी खुंटी खट्कन खाली बसली. झालं. माझी मान वळू लागली. मी आवरायला पाहिलं, पण मान वळणं माझ्या हातात नसतं. वारा खिडकीकडे गेला आणि होडी पाण्यात गोल फिरून थांबली.

परीक्षक बाई तेवढ्यात खाली पडलेला चष्मा उचलायला वाकल्या होत्या. घाईचा हात होडीकडे गेला. एका बोटाचा धक्का पुरला असता, आणि कुणाला कळलंही नसतं. फूटपट्टीनं फक्त त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हात मागे घेतला आणि दोन्ही हात खिशात कोंबले.

माझी मान खिडकीपाशी टेकून परत फिरू लागली. इतका संथ मी स्वतःला कधीच वाटलो नव्हतो. वारा परातीवर आला, होडीचं टोक वळलं, ती हळूहळू पुढे सरकली आणि घंटा वाजली.

"वा," परीक्षक बाई म्हणाल्या. "पंखा फिरता ठेवलाय तो मुद्दाम का?"

हो म्हटलं असतं तर गुण वाढले असते. फूटपट्टीनं घाईकडे पाहिलं.

"नाही," घाई म्हणाला. "खुंटी सुटली. मी बघायला हवी होती, बघितली नाही."

त्यांना बक्षीस मिळालं नाही. परतीच्या वाटेवर दोघं मागच्या सीटवर बसून पुढच्या वर्षीच्या यंत्राबद्दल इतकं भांडत होते की मी मध्ये चेंगरतोय याचं कुणाला भान नव्हतं.

त्यानंतर मला शाळेच्या प्रयोगशाळेला देऊन टाकलं. तिथं साफसफाईत कुणीतरी माझी वायर ओढली आणि प्लग तुटला. मग कुणीतरी माझ्या गळ्यात "बंद" असा कागद अडकवला. मित्रांनो, मी बंद नाही. प्लग तुटलाय.

परवा घाई एक चंचुपात्र न्यायला आला होता. माझ्यापुढे थांबला. कागद वाचला. टपली मारली नाही. त्यानं वायर हातात धरून शेवटपर्यंत चाचपली आणि म्हणाला, "अरे, नुसता प्लगच तर गेलाय. उद्या बसवतो." आणि धावत गेला.

तो उद्या अजून उजाडलेला नाही.

तेव्हा माझी एवढीच विनवणी आहे. एखादी वस्तू अडली तर तिला मोडीत काढण्याआधी वायरीपासून सुरुवात करा. आणि तो मुलगा तुमच्यापैकी कुणाला भेटला, तर त्याला जरा थांबवा आणि सांगा की पंखा वाट बघतोय. फूटपट्टी भेटली तर तिलाच सांगा. ती आजच येईल.