निम्म्या किमतीची जेन्सन

आपला माणूस एखादी वस्तू निम्म्या किमतीत द्यायला निघाला की दोनच शक्यता असतात. एक तर त्याला वस्तूची किंमत माहीत नसते, नाहीतर आपल्याला वस्तू माहीत नसते. मिलिंदला त्याच्या जेन्सन गाडीची किंमत चोख माहीत होती. म्हणजे प्रश्न वस्तूचा होता.

मिलिंद माझा मानलेला भाऊ. लीड्सला हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. मी लग्न होऊन इंग्लंडात आले त्या पहिल्याच दिवाळीत माझ्या नवऱ्याचा, सुहासचा, हा मित्र आमच्या भाड्याच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "इथे मला बहीण नाही, तुला भाऊ नाही. ओवाळून टाक." तेव्हापासून आमची भाऊबीज चुकलेली नाही. तिथीला सुट्टी कोण देतो? जवळचा शनिवार गाठायचा, एक वर्ष ते लंडनला आमच्याकडे स्टॅनमोरला, एक वर्ष आम्ही लीड्सला. आमचा मुलगा नकुल लीड्सला शिकायला होता तेव्हा शनिवार-रविवार मिलिंदमामाकडेच पडलेला असायचा. एवढा घरोबा. हा माणूस जर मला फसवत असेल तर ओवाळायला मला या देशात दुसरं कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर भारतातही नव्हतं.

जेन्सन इंटरसेप्टर म्हणजे सत्तरच्या दशकातली लांब नाकाची, तोऱ्यात चालणारी गाडी. त्यातही मिलिंदची छत उघडणारी. तशा मोजक्याच बनल्या होत्या. नव्वदच्या सुमारास त्याने ती घेतली आणि सुचेताने, म्हणजे त्याच्या बायकोने, तिला सवत म्हणायला सुरुवात केली. आता २००६ साली तो रिटायर होत होता, फ्लॅटमध्ये राहायला जाणार होता, तिथे गॅरेज नव्हतं. गाडी सुहास घेणार असं दोघांनी परस्पर ठरवलं. किंमत ऐकून मी विचारलं, "चाकांसकट का?"

सुहासला आनंद व्हायला हवा होता. ब्रॅकनेलच्या ऑफिसात जन्मभर कॉम्प्युटरसमोर बसून तो गाड्यांचीच मासिकं वाचत आला. पण त्याचा चेहरा दात काढून आल्यासारखा. एका संध्याकाळी मी जिन्यावरून त्याचं फोनवरचं बोलणं ऐकलं. चोरून नव्हे, जिना आमचाच आहे. तो म्हणत होता, "नाही मिलिंद, इतकं कमी मी देणार नाही. थोडं तरी वाढव." भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी फुकट मागणारा माझा नवरा किंमत वर चढवत होता. मग मात्र माझी खात्रीच पटली की यात काहीतरी काळंबेरं आहे.

माझा स्वभाव संशयी आहे असं सगळे म्हणतात. मी त्याचा पगार घेते. हॅरोच्या एका इन्शुरन्स कंपनीत मी गाड्यांचे क्लेम्स तपासते. लोकांच्या दुखऱ्या माना, चोरीला न गेलेल्या गाड्या, आपोआप पेटलेल्या व्हॅन. आमच्या मराठी मंडळाच्या शशी खजिनदारांनी एकदा मानेचा असाच क्लेम केला आणि त्याच आठवड्यात गणपतीत लेझीम खेळले. मी मॅनेजरला सांगितलं. मंडळातल्या बायका वर्षभर माझ्या शेजारी बसल्या नाहीत. बसू देत. खोटं ते खोटं.

तर माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे माझा संशय कळेल. गाडी ठोकली आणि दुरुस्ती परवडण्यापलीकडे गेली की कंपनी तिला राइट-ऑफ करते. मालकाला ती परत घेऊन, दुरुस्त करून रस्त्यावर आणता येते, पण तिच्या नावाला 'कॅटेगरी सी' चिकटतं ते कायमचं. शेजारच्या बाईची जुनी हॅचबॅक असेल तर कोणाला फारसं सोयरसुतक नसतं. पण जेन्सन घेणारा माणूस नुसतं इंजिन घेत नाही, तिचा जन्मापासूनचा इतिहास विकत घेतो. त्या इतिहासात एक राइट-ऑफ निघाला की किंमत साधारण निम्म्यावर येते, मग रंग कितीही आरशासारखा असो. आणि मिलिंद आमच्याकडे बरोबर निम्मी मागत होता.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मला एका मिनिटात कळलं असतं, पण घरच्या कामाला ऑफिसचं मशीन वापरायचं नाही हा नियम आहे आणि मी तो पाळते. मी माझ्या पैशाने, बाहेरच्या बाहेर, फोनवरून गाडीचं रेकॉर्ड तपासून घेतलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "ऑल क्लिअर." राइट-ऑफ नाही, चोरी नाही, कर्ज नाही.

दुसरी कोणी असती तर निश्चिंत झाली असती. मी जास्तच घाबरले. रेकॉर्डवर फक्त तेच येतं जे कोणीतरी कंपनीला कळवलेलं असतं. न कळवता, गुपचूप, खिशातून पैसे घालून गाडी दुरुस्त केली तर ती कागदावर कुमारिकाच राहते. असं करणारे कोण असतात ते मला रोज टेबलावर दिसतात.

"तुला गाडी घ्यायची घाई कसली?" मी सुहासला विचारलं. "माणूस आणून तपासून घेऊ."

"मिलिंदच्या गाडीवर इन्स्पेक्टर आणायचा? अगं, तो काय म्हणेल? आपल्या माणसाकडे असे पेपर्स मागत नाहीत."

हे एक आपल्या लोकांचं मला कधी कळलं नाही. परक्याकडून टोस्टर घेतला तरी गॅरंटी बघतील, आणि आपल्या माणसाकडून घर घेताना कपाटं उघडणार नाहीत, का तर त्याला वाईट वाटेल.

भाऊबिजेच्या शनिवारी आम्ही लीड्सला निघालो. पूर्ण एम वन हायवेवर सुहास तीन वाक्यं बोलला असेल. माझ्या पर्समध्ये ओवाळायचं सामान होतं, आणि फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट, रुमालात गुंडाळून. आमच्या ऑफिसातले ठोकलेल्या गाड्या बघायला जाणारे जुने असेसर ही युक्ती सांगायचे. लोखंडी पत्र्याला मॅग्नेट चिकटतो. ठोकलेला खड्डा लांबीने भरून वर रंग मारला असेल तर तिथे तो धरत नाही.

सुचेता चहा टाकत होती, दोघे मित्र टीव्हीपुढे. मी "गाडीचं दर्शन घेऊन येते" म्हणून गॅरेजमध्ये शिरले. जेन्सन उभी होती, गडद निळी, डाग नाही. उजव्या चाकावरच्या पत्र्याला मी गणपती लावला. टक्कन चिकटला. डावीकडे गेले. पुढच्या चाकावर लावला, हात काढला, तो घसरला. थोडा वर लावला, घसरला. दाराच्या बाजूने, बॉनेटच्या कडेने, जिथे लावावा तिथून तो माझ्या तळहातात पडत होता. बॉनेटची फटही त्या बाजूला करंगळीभर रुंद. दाराच्या रबराला निळ्या रंगाचे शिंतोडे. ही साधी खरवड नव्हती. ही गाडी कशावर तरी जीव खाऊन आदळली होती.

मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. इतक्या वर्षांचा भाऊ, आणि मोडकी गाडी मलाच विकतो. वर ती स्वस्तात देतोय म्हणून आम्ही मिंधे.

आत आले तर त्यांनी तयारी करून ठेवली होती. डायनिंगच्या खुर्चीवर मिलिंद बसला होता, डोक्यावर रुमाल, चेहऱ्यावर दरवर्षीचं तेच लाजरं हसू. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या. निरांजनाचं ताट हातात घेतलं आणि हात पुढे जाईना.

"यंदा ओवाळणीत गाडीच मिळाली म्हणून समज," मिलिंद म्हणाला.

"आधी एक सांग," मी म्हणाले. "त्या गाडीला डावीकडून काय झालंय?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याने सुहासकडे पाहिलं. ही नजर मला पाठ आहे. दोन साक्षीदार उत्तर देण्यापूर्वी एकमेकांकडे असंच बघतात.

"तू हिला अजून सांगितलं नाहीस?" मिलिंद म्हणाला.

"सांगणार होतो," सुहास म्हणाला. "व्यवहार झाल्यावर."

"म्हणजे तुला माहीत आहे?" मी नवऱ्याकडे वळले. "गाडी ठोकलेली आहे हे माहीत असून तू किंमत वर चढवत होतास?"

"ताई, ताट खाली ठेवा," सुचेता हळूच म्हणाली. "आधी बसा."

मी ठेवलं नाही. मग मिलिंदच बोलला, डोक्यावरचा रुमाल तसाच ठेवून. "गाडी नकुलने ठोकली. सेकंड इयरला असताना. मी नाइट ड्यूटीवर होतो, त्याने किल्ली घेतली, मूर्सच्या माळरानातल्या रस्त्यावर गेला आणि एका शेतकऱ्याच्या दगडी भिंतीत घातली. दुसऱ्या कोणाला काही झालं नाही. त्याचं कॉलरबोन मोडलं."

"फुटबॉल खेळताना मोडलं होतं," मी म्हणाले.

सुहासने नकारार्थी मान हलवली.

"इन्शुरन्स फक्त माझ्या नावावर होता," मिलिंद पुढे म्हणाला. "क्लेम करायचा तर दोनच रस्ते. गाडी चोरली म्हणायचं, नाहीतर अनइन्शुअर्ड चालवली म्हणायचं. दोन्हीकडे पोरगा अडकणार. मी क्लेमच केला नाही. भिंत बांधून दिली, ब्रॅडफर्डच्या एका गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त करून घेतली. सुहासने अर्धा खर्च देतो म्हटलं, मी घेतला नाही, तो आता किमतीत भरून द्यायला बघतोय. पेपर्सवर काहीच नाही, परक्याला पूर्ण किमतीत सहज विकली असती. पण ती खरं तर राइट-ऑफच आहे ना, राजश्री. मग राइट-ऑफचीच किंमत लावायची. आणि परक्याला सगळं सांगून विकायची तर नकुलचं नाव निघणार. म्हणून सुहास म्हणाला, मीच घेतो."

म्हणजे या खोलीत एकच माणूस किंमत खरी सांगत होता, आणि मी त्यालाच चोर ठरवून मॅग्नेट घेऊन आले होते. मला त्या क्षणी मिलिंदच्या पाया पडावंसं वाटलं आणि सुहासच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"मला का सांगितलं नाही?" मी विचारलं.

सुहास खाली बघत म्हणाला, "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी म्हणणार होते, पहिली ट्रेन पकडून मुलाजवळ गेले असते. त्याच्या खांद्याखाली उशी लावली असती. पण खोटं मला पटकन बोलता येत नाही.

"रिपोर्ट केलं असतं," मी म्हणाले.

"नकुल तेच म्हणाला होता," सुहास म्हणाला. "हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य, डॅड, मॉमला नको."

मी मिलिंदला ओवाळलं. नीट, तीन वेळा. त्याच्या कपाळावरच्या अक्षता माझ्या डोळ्यांतल्या पाण्याने मला धड दिसत नव्हत्या. मी म्हटलं, "चुकले." तो म्हणाला, "तू नाही तपासायचं तर कोणी?" आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग मी हॉलमध्ये जाऊन नकुलला फोन लावला. तो आता एडिनबराला असतो. नोकरी तिकडे मिळाली म्हणून गेला असं मी धरून चालले होते. सुहास माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"नकुल, मिलिंदमामाच्या गाडीचं कळलं मला," मी म्हणाले. "खांदा दुखतो का रे अजून?"

पलीकडे त्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

"मॉम, तू हे का विचारतो?" त्याचं मराठी असंच आहे. "इज धिस फॉर वर्क?"

"नाही. आई म्हणून विचारतेय."

"ओके," तो म्हणाला. मग अगदी सभ्यपणे, "कॅन यू पुट डॅड ऑन? आधी त्याच्याशी बोलतो."

मी फोन सुहासकडे दिला. सुहासने ऐकलं आणि म्हणाला, "हो रे. खरंच. आई म्हणूनच विचारतेय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, मी आहे ना इथे," सुहास म्हणाला. मी हात पुढे करून फोन परत मिळायची वाट बघत राहिले.