आर्वोची बॅटरी कधी संपत नाही

"काढ आधी तो. बाहेरून आल्याआल्या लावतात का?"

रेने बर्फ ढकलायची गाडी दारात उभी केली होती आणि बूटसुद्धा न झटकता फोन माझ्या गल्ल्याशेजारच्या प्लगला लावला होता. फोन इतका गार, की आत येताच काचेवर दव धरलं. आर्वो कांगासने कॉफीचा कप खाली ठेवला, उठला, आणि दुसऱ्याच्या फोनची वायर स्वतःच्या हाताने उपटली.

"अरे, मेलाय तो," रे म्हणाला.

"मेला नाही, गारठलाय. गोठलेल्या बॅटरीत वीज कोंबलीस की ती आतून नासते. आधी काखेत धर, ऊब लागू दे, मग लाव. आणि ऐंशीला काढ. शंभर गाठलेच पाहिजेत असं नाही."

"झोपताना अंगाई म्हणू का तिला?"

"मागची तुझी बॅटरी फुगली आणि फोनची काच वर आली. तेव्हा काय म्हणत होतास?"

रेने फोन काखेत धरला. सगळं टेबल हसलं. सोसायटीच्या दुकानातलं हे कॉफीचं टेबल मीच मांडलंय. म्हाताऱ्यांना हिवाळ्यात जायला जागा नाही, आणि मलाही घरी वाट पाहणारं कुणी नाही. हा तमाशा मी रोज फुकटात बघते. गावात म्हणच पडून गेली होती, एक वेळ सूर्य उगवायचा राहील, पण आर्वोची बॅटरी संपायची नाही. आमच्या सरोवराकाठी हिवाळ्यात सूर्य तसाही राहूनच जातो, तेव्हा त्या मानानेही आर्वोचंच पारडं जड.

माझी गोष्ट उलटी. माझा फोन आठवड्यातले निम्मे दिवस बंद पडलेला असतो. आर्वो म्हणायचा, "सायमा, तुझ्या फोनपेक्षा पेपरवेट बरं. ते निदान कागद तरी धरून ठेवतं."

शाळेत आम्ही एका बाकावर बसलो आहोत, म्हणून त्याला हे बोलायची मुभा. पण त्याला हे बॅटरीचं वेड कधी लागलं ते मला ठाऊक होतं, आणि म्हणून मी त्याला कधी उलटून बोलले नाही. आधी तो असा नव्हता. शाळेची बस चालवायचा, आणि बसच्या चाव्यांखेरीज कुठल्याच वस्तूचा त्याला पत्ता नसायचा. फोन होता तो मार्ताचा, त्याच्या बायकोचा.

मार्ता गेली त्या नोव्हेंबरात त्यांचा मुलगा ग्लेन जहाजावर होता. खनिज वाहणारी ती लांबलचक जहाजं आमच्या गावाच्या, पाण्यात शिरलेल्या टोकाजवळून खालच्या सरोवरांकडे जातात. खोल पाण्यात फोन लागत नाही, पण टोकाजवळ थोडा वेळ लागतो. त्या दिवशी ग्लेनचं जहाज टोकाजवळून जात होतं आणि मार्ताला शुद्ध होती. आर्वो इस्पितळातून त्याला फोन लावत राहिला. फोन बंद. ती संध्याकाळी गेली. ग्लेन पोचला तो थेट थडग्यापाशी, आणि म्हणाला, "पा, माझी बॅटरी संपली होती."

आर्वो सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्याला फोन जिवंत ठेवायचा असतो, तो ठेवतो."

एवढंच. आवाजही चढवला नाही. ग्लेन त्याच रात्री गेला, आणि बापलेकांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. आर्वोने घरचा फोन काढून टाकला आणि मार्ताचा हातातला फोन जपायला घेतला. उशीखाली ठेवायचा नाही, शेगडीजवळ ठेवायचा नाही, सॉनाच्या वाफेत जाताना बाहेर ठेवायचा, रात्रभर चार्जिंगला लावून झोपायचं नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला छंद लागला. मला ते बघवत नसे. माणूस आपला शब्द खरा करून दाखवत होता, आणि ज्याला दाखवायचा तो तिथे नव्हताच.

मात्र ग्लेनचं जहाज जाणार असलं की आर्वो गाडी घेऊन टोकावर जायचा आणि दिव्यांची उघडझाप करायचा. कुणीही दिवे दाखवले की जहाज भोंगा वाजवतं, एक लांब आणि दोन आखूड. आमच्याकडची ही जुनी रीत. दोन वर्षं त्यांच्यात जे काय बोलणं झालं ते एवढंच.

जानेवारीत, सू इथल्या जलमार्गाचे दरवाजे हिवाळ्यापुरते बंद होऊन जहाजं थांबायच्या जरा आधी, दुकानातला फोन वाजला.

"सायमा मावशी, मी ग्लेन. शनिवारी दुपारी टोकावरून जाऊ. शेवटची फेरी. पा-ला सांगशील? मी फोन करीन. त्याने उचलावा."

"तूच का नाही लावत त्याला?"

"न सांगता लावला आणि त्याने उचलला नाही, तर पुन्हा लावायची हिंमत व्हायची नाही माझी."

आर्वोला सांगितलं तेव्हा त्याने कॉफीत साखर घातली. तो बिनसाखरेची पितो.

शनिवारी तो सकाळीच दुकानात आला. दाढी केलेली, अंगावर मार्ताने विणलेला स्वेटर. फोन माझ्या प्लगला लावून समोर बसून राहिला, आणि ऐंशी होताच वायर काढली.

"आज तरी पूर्ण भर," मी म्हणाले.

"कशाला? ऐंशी पुष्कळ झाले. पूर्ण भरून भरून बॅटरी लवकर म्हातारी होते. ही अजून काही वर्षं चालवायची आहे."

"मग इथेच बस. इथे रेंज आहे, शेगडी आहे. तो फोनच करणार आहे ना?"

"जहाज दिसायला हवं," तो म्हणाला. "आणि त्याला मी दिसायला हवा."

वेलदोड्याचा पाव आणि थर्मास घेऊन मीही गाडीत बसले. माझा फोन गल्ल्यावर बंद पडलेला होता, नेहमीसारखा.

टोकावर वारा असा होता की गाडी हलत होती. बर्फामुळे जहाजाला उशीर झाला. आर्वोने फोन शर्टाच्या आत, बनियनला लागून धरला होता. आम्ही पाव खाल्ला, कॉफी संपवली. तो मध्येच म्हणाला, "काय म्हणेल गं तो?" आणि मी म्हणाले, "हॅलो म्हणेल." त्यावर तो हसला. किती दिवसांनी.

मग धूसर पाण्यावर जहाज दिसू लागलं, आणि फोन वाजला.

"ग्लेन," आर्वो म्हणाला. गाडीत पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"पा. टोकावर आहेस? मला गाडी दिसत नाहीये."

दिसणार कशी? बर्फ ढकलायच्या गाडीने लोटलेल्या बर्फाचा ढीग आमच्या गाडीपुढे पुरुषभर उंच होता. मी दिव्याच्या बटणाकडे बोट दाखवलं, पण आर्वो केव्हाच दार उघडून बाहेर पडला होता. हातमोजा सीटवरच राहिला. तो ढिगावर चढला, टोकाच्या दिव्याखाली उभा राहिला आणि मोकळा हात उंच केला. उघड्या बोटांत फोन कानाला लावलेला, आणि सरोवरावरचं ते वारं थेट त्याच्यावर.

मी काचेतून बघत होते. त्याचे ओठ हलले. मग त्याने मान डोलावली, ऐकलं, पुन्हा मान डोलावली. मग त्याने फोन कानावरून खाली घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

तो परत आला तो धावतच. या वयात त्या बर्फावरून कुणी धावू नये.

"बंद पडला," तो म्हणाला. "अर्ध्याच्या वर होता. अर्ध्याच्या वर, सायमा." गाडीतली वायर त्याने फोनला लावली. दोन वर्षं ज्यासाठी लोकांना झापलं, तेच त्याने केलं, गोठलेला फोन लावला. काचेवर नुसतं लाल तापमापकाचं चित्र आलं. फार गार आहे, वीज घेणार नाही. आर्वोच्याच हाताखाली शिकल्यासारखा तो फोन वागला.

"काय म्हणत होता तो?"

"म्हणाला, दिसलास पा. मग म्हणाला, आईच्या वेळी..." तो थांबला. "तिथेच फोन गेला."

मला तेव्हा लख्ख दिसलं. जहाजावरून ग्लेनने काय पाहिलं असेल ते. त्याने आईचं नाव काढलं, आणि बापाने कानावरचा फोन खाली घेतला.

मी हात लांब करून गाडीचे दिवे उघडझाप केले. ढिगावर उजेड पडला असेल तेवढाच. जहाजाने भोंगा वाजवला, एक लांब, दोन आखूड. पण भोंगा कॅप्टन वाजवतो. तो सगळ्यांसाठीच वाजवतो.

आर्वोने फोन पुन्हा शर्टाच्या आत धरला, आणि तो जिवंत होईतो जहाज क्षितिजाआड गेलं होतं. परत लावला तर ग्लेनचा फोन लागेना. खोल पाणी.

"मी सांगते ना त्याला," वाटेत मी म्हणाले. "मी साक्षीला होते. खरंच बॅटरी संपली."

"कुणाची? माझी?" आर्वो म्हणाला. "गावातलं शेंबडं पोरही खरं मानायचं नाही."

तसंच होतं. दोन वर्षं हसत हसत आम्हीच ती म्हण करून ठेवली होती.

दुकानात आल्यावर त्याने दुकानाचा तारेचा फोन उचलला. ग्लेनचा नंबर त्याला पाठ होता. निरोप ठेवा म्हणून यंत्र बोललं तसा तो ताठ उभा राहिला, टोपी काढली. मी उगाच बिस्किटांचे पुडे नीट लावायला लागले.

"ग्लेन, मी पा. माझी बॅटरी संपली होती." हातातली टोपी त्याने उलटी केली, सुलटी केली. मला वाटलं, झालं. मग खाकरून म्हणाला, "तुझीही संपली असेल तेव्हा."

आणि त्याने फोन जागेवर ठेवला, अगदी हळू.

ग्लेनचं जहाज सूच्या पलीकडे गेलं, दरवाजे बंद झाले, सरोवर गोठायला लागलं. तिकडे सगळीकडे रेंज असते, पण फोन अजून आलेला नाही. आर्वो दुकान उघडायच्या आधीच दारात उभा असतो. आत आला की प्लगपाशी बसतो, फोन लावतो, काच वर करून टेबलावर ठेवतो.

काल रे आला. बूट झटकले, स्वतःचा गार फोन न सांगता काखेत धरला आणि टेबलाशी बसला. आर्वोच्या फोनकडे त्याचं लक्ष गेलं.

"आर्वो, शंभर झाले रे. काढायचा नाही का?"

"राहू दे," आर्वो म्हणाला.

रेने माझ्याकडे पाहिलं. मी कॉफी ओतत राहिले. वायर तशीच लावलेली होती, आणि फोन गरम झाला होता. आर्वोने त्यावर हात ठेवला होता.