बोसूला न घातलेली शपथ

हसता काय? तुंब्याला बोलता येऊ नये असं कुठं लिहिलंय? जमैकातल्या एका उसाच्या मळ्यामागं माझा वेल होता. अफीबानं मला तोडलं, आतला गर खरवडला आणि उन्हात खडखडीत वाळवलं. जिवाची नुसती आग झाली! पण तिचा हात मायेचा होता. मालकाचा ऊस तोडून तोडून त्या हाताला घट्टे पडलेले.

रविवारी आम्हा गुलामांना आपापल्या तुकड्यावर कंद लावायची मोकळीक असे. तिथंच भर दुपारी तिनं बंड ठरवलं. मंगळवारी ऊस पेटवायचा आणि डोंगर गाठायचा. पूर्वजांच्या थडग्यावरची चिमूटभर माती, रम आणि पाणी तिनं माझ्यात कालवलं. हीच आमची शपथ; ती पिऊन जो फितूर होईल तो पोट फुगून मरतो, असा आमच्या माणसांचा पक्का समज. एकवीस जण प्यायले. बोसूला मात्र तिनं वगळलं.

"त्याला का सोडलंस गं?" देंते म्हातारा खेकसला.

"जहाजभाऊ आहे तो माझा. एका साखळीत बांधून आणलं आम्हाला. त्याला शपथ घालू? त्यापेक्षा त्याच्या थोबाडीत मारलेली बरी!"

"बघ बाई. तुझ्या भावापायी आमच्या माना जातील."

बोसू कंद उकरत राहिला.

सोमवारी सकाळीच मुकादमानं सगळ्यांना रांगेत उभं केलं. घात झाला होता! प्यायलेल्यांपैकीच कुणीतरी ऊस पेटणार असल्याचं सांगून आला होता. म्होरक्याचं नाव घ्यायची मात्र त्याची छाती झाली नव्हती. मी अफीबाच्या कमरेला लटकलेलो.

सगळ्यांत भित्रा म्हणून मुकादमानं बोसूलाच ओढलं. चाबूक कडाडला.

"नाव सांग, सोडतो."

"मेलो आता," देंते पुटपुटला. "हा तर प्यायलाच नाही."

बोसूनं तोंडातलं रक्त थुंकलं. "म्होरक्या मीच."

मुकादम खो खो हसला. "तू? कुत्रं भुंकलं तरी तुला घाम फुटतो!"

"म्हणून तर तुला माझा संशय आला नाही."

त्याला तिथंच फासावर चढवलं. अफीबाला रडायचीसुद्धा चोरी होती. बाकीच्यांना उसात हाकलून मुकादम निवांत जेवायला बसला. मग अफीबा मंगळवारची वाट कशाला बघते? त्याच दुपारी चार बाजूंनी ऊस पेटला आणि आम्ही डोंगर चढलो.

तिथं तिनं गाव वसवलं, तीस वर्षं राखलं. सैनिक कितीदा आले, हात हलवत गेले. पहिल्यांदा एक परका गुलाम पळून आमच्यात आला, तेव्हा देंतेनं थडग्याची माती मुठीत धरूनच ठेवली होती.

"टाक ती," अफीबा म्हणाली. "धापा टाकतोय बिचारा. पाणी दे त्याला."

ती जाऊन कितीतरी पिढ्या झाल्या. मला तडा गेलाय, दोऱ्यानं शिवलंय. पण या गावात आजही शपथ कुणालाच घालत नाहीत. फुटलो की खुशाल चुलीत घाला मला. फक्त दारात आलेल्याला आधी पाणी द्या, बाबांनो.