भरल्या हौद्याचे शॉकअप

पिकअपखाली, मागच्या चाकापाशी तेलाचा डाग दिसला, तेव्हा नकाशेला वाईट वाटायला हवे होते. प्रत्यक्षात त्याचा ऊर भरून आला. मंडळात ज्याच्या गाडीला काही दुखणे नाही त्याला बोलायला तोंड नसते, आणि गाडी घेतल्यापासून तो तिथे नुसती मान डोलवत उभा होता.

मंडळ म्हणजे आडवाटेने जाण्यासाठी बनवलेल्या उंच गाड्यांच्या मालकांचे. सुटीच्या सकाळी ते एका मोठ्या दुकानाच्या रिकाम्या वाहनतळावर जमत. आडवाट त्यांच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती, पण तिच्याविषयी ठाम मते सर्वांना होती. मंडळाचा प्रमुख होता कप्तान. तो कुठल्या जहाजावर नव्हता की फौजेत नव्हता, फरशा विकत होता. परंतु त्याच्या गाडीच्या टपावर एक फावडे आडवे बांधलेले असे, आणि टपावर फावडे बांधणाऱ्या माणसाला लोक न विचारता मान देतात. त्या फावड्यावरचा दुकानाचा कागद अजून निघाला नव्हता. दुसरा दंतवैद्य, जो टायरच्या नक्षीकडे दाढा तपासाव्यात तसा डोळे बारीक करून पाही. तिसरा विमावाला, त्याला प्रत्येक वळणावर अपघात दिसे, म्हणून तो शक्यतो वळतच नसे.

नकाशे हे त्याचे नाव नव्हे. रस्त्यांच्या कचेरीत तो नकाशे काढी, म्हणून हे नाव पडले. शाईने त्याने कितीतरी घाट ओलांडले होते. माणसांपुढे मात्र त्याची लेखणी अडे. ‘नाही’ म्हणणे त्याला जड जाई, आणि ‘मला ठाऊक नाही’ म्हणणे त्याहून जड. संध्याकाळी कचेरीच्या खिडकीतून दूरच्या रस्त्यावरचे दिवे हलताना पाहिले की त्याला वाटे, सगळ्या जगाला कुठेतरी जायचे आहे आणि रस्ता काढून देणारा तेवढा मागे राहिला आहे. ही पिकअप त्याने कदाचित त्यासाठीच घेतली असावी. कारण सांगताना मात्र त्याने बायकोचे नाव सांगितले होते.

बायको मातीकाम करी. वर्षानुवर्षे तिने कप केले, वाडगे केले, लोकांनी ते भेट म्हणून नेले आणि कुणाचे आहेत ते विसरले. मग टेकडीवरच्या वाचनालयाने अंगणासाठी तिच्याकडून एक रांजण मागवला, कमरेएवढा उंच, आणि तोही तिच्या नावाची पाटी लावून ठेवण्यासाठी. पहिला रांजण भट्टीत तडकला. दुसरा निघाला तो अखंड, राखेच्या रंगाचा, गळ्याशी पावसाळी निळसर. तो निघाला त्या दिवशी ती जेवली नाही, नुसती त्याच्यासमोर बसून राहिली. टेकडीचा रस्ता वरपासून खालपर्यंत उखडलेला. वाहतूकवाल्यांनी त्याचे नाव ऐकून फोन ठेवले.

“माझी गाडी आहे ना,” नकाशे म्हणाला होता. एवढे एकच वाक्य त्याने कुणालाही न विचारता उच्चारले होते, आणि बायकोने त्यावर विश्वास ठेवला होता.

तेलाच्या डागाची बातमी मंडळात पोचली तेव्हा तिघेही गाडीखाली वाकले.

“मागचे दोन्ही शॉकअप गेले,” कप्तानाने निकाल दिला. “तेल सोडलंय. आता हा दांडा नुसता वरखाली करणार, धक्का काही अडवणार नाही.”

“मुळापासून काढावे लागतील,” दंतवैद्य म्हणाला.

“मी आधीच म्हणालो होतो,” विमावाला म्हणाला. तो काहीच म्हणाला नव्हता.

सुट्या भागांच्या दुकानात चौघे मिळून गेले. फळीवर शॉकअप ओळीने उभे होते, काळे, करडे, आणि एका कोपऱ्यात झगझगीत निळे, अंगाला छोटी जोडटाकी चिकटलेली. कप्तानाची नजर तिकडे गेली आणि तिथेच बसली.

गल्ल्यामागच्या बाईने चष्मा वर सरकवला. “गाडी रिकामी चालते की भरलेली?”

प्रश्न साधा होता. शॉकअप घेणाऱ्या प्रत्येकाला ती तो विचारी, कारण भरलेल्या गाडीचा शॉकअप कडक असतो आणि रिकाम्या गाडीला तो नाचवतो. पण मंडळाच्या माणसाला हा प्रश्न विचारणे म्हणजे चारचौघांत त्याचे दंड तपासणे. नकाशेच्या हौद्यात आजवर एक ओली छत्री, भाजीची पिशवी आणि एकदा मेव्हणीची सायकल एवढाच माल गेला होता. तो तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला.

“कायम भरलेली,” कप्तान म्हणाला.

बाईने नकाशेकडे पाहिले. “साहेब, गाडी तुमची ना?”

तिघांचे श्वास त्याच्या मानेवर होते. “हो,” नकाशे म्हणाला. “म्हणजे... भरलेलीच.”

“मग निळे घ्या. सगळ्यात कडक तेच. दगडविटा वाहणारे नेतात.”

“पाहिलंस?” कप्तानाने त्याच्या पाठीत थाप मारली. “आणि मागून दिसतात पण!”

बसवण्याचा सोहळा नकाशेच्या अंगणात झाला. बायको ओसरीवर माती मळत होती. कप्तानाने गाडी जॅकवर चढवली, ॲक्सलखाली ठोकळे दिले आणि बाह्या सरसावून जुन्या बोल्टला पाना लावला. बोल्ट गंजून जाम झाला होता. तेल सोडून झाले, हातोडा झाला, बोल्टच्या आईबापांचा उद्धार झाला. शेवटी कटर आणून बोल्टच कापला, आणि कापताना कटर घसरून जुन्या शॉकअपची कडी गेली. दुसऱ्या बाजूलाही तेच झाले. आता मागे फिरायची वाट उरली नव्हती, पण ती बंद झाल्याचे त्यांच्यात कुणाच्या लक्षात आले नाही.

नवा शॉकअप पट्टीने आवळून बांधलेला येतो. आत दाबलेला वायू असतो, तो दांडा बाहेर ढकलू पाहतो. आधी वरचे टोक अडकवायचे, मग पट्टी कापायची. कप्तानाने आधी पट्टी कापली. दांडा सावकाश, अत्यंत शांतपणे बाहेर येऊ लागला. मग चार सुशिक्षित माणसे त्या निळ्या नळीला मिठी मारून बसली. दंतवैद्याने गुडघा दिला, विमावाल्याने डोळे मिटले.

“भावोजी, चहा ठेवू, की त्याला आधी झोपवताय?” ओसरीवरून बायकोने विचारले.

“वहिनी, हे नाजूक काम आहे!” कप्तान दातओठ खात म्हणाला.

“दिसतंय ते.”

अखेर दोन्ही शॉकअप चढले, गाडी खाली उतरली, रबरी बुश जागच्या जागी बसल्यावर कप्तानाने शेवटचा आटा दिला. सगळे मागे सरून उभे राहिले. बंपरखाली दोन निळे ठिपके चमकत होते. त्यांचे फोटो निघाले. नकाशेच्या मनात क्षणभर असे काही उजळले की त्याला स्वतःचीच दया आली.

बायको हात पुसत खाली आली. हौद्यात तिने पेंढा पसरला, त्यावर गोधडी, आणि गोधडीत टाकाऊ कप मांडले. कुणाचा कान वाकडा, कुणाचा रंग फसलेला.

“रांजण ठेवण्याआधी एक फेरी मार. घरामागच्या खडीवरून.”

“वहिनी, गरज नाही हो,” कप्तान म्हणाला. “लोण्यासारखी जाईल.”

नकाशे गेला. खडी लागताच मागचा भाग असा उडाला की त्याचे डोके छताला लागले. गाडी चालत नव्हती, शेळीसारखी टणाटण उड्या मारत होती. परतला तेव्हा बायकोने गोधडी उलगडली. आत फक्त कपच्या होत्या. तिने एक कान उचलून हातात धरला, वाकडाच होता, पण आता एकटा.

सगळे एकदम बोलू लागले.

“टायरमधली हवा जास्त आहे.”

“नवे आहेत, हळूहळू मऊ होतील.”

“नकाशे, तू ब्रेक कसा मारलास?”

बायको नकाशेकडे पाहत होती. “वाचनालयाची माणसं उद्या अंगणाचं उद्घाटन करतायत. जुने परत लावता येतील?”

“कापले,” तो म्हणाला.

“मग हे असे का उडतात?”

त्याच्या घशात कप्तानाचे वाक्य होते, दंतवैद्याचे होते, विमावाल्याचे होते. ती सगळी बाजूला सारून स्वतःचे काढायला त्याला वेळ लागला. “हे भरलेल्या गाडीचे आहेत. हौद्यात भरपूर वजन असेल तरच मऊ चालतात.”

“आणि आपली गाडी भरलेली असते?”

“नाही.”

बायकोने ओसरीवरच्या मातीच्या गोण्यांकडे पाहिले. नकाशे त्या उचलायला वळला.

“त्यांना हात लावू नकोस,” ती म्हणाली. “ती माती मुरतेय, मला लागते.” मग तिने सावकाश मान वळवली आणि मंडळाकडे पाहिले, भट्टीत कुठला माल कुठे रचायचा हे ठरवताना पाहते तसे. “भावोजी, तुमचं वजन किती?”

“माझं? का हो?”

“हौद्यात बसायचंय.”

“वहिनी, पॉलिसीत हे चालत नाही,” विमावाला घाबरून म्हणाला.

“कपच्या चालतात का?”

“मला दवाखान्यात...” दंतवैद्याने घड्याळ पाहिले.

“आज सुटी आहे तुमची. सकाळपासून सांगताय.”

कप्तानाने नकाशेकडे पाहिले. आजवर असे पाहिले की नकाशे ‘जाऊ दे’ म्हणत असे. या वेळी नकाशेने हौद्याची फळी पाडली आणि बाजूला उभा राहिला.

रांजण मधोमध ठेवला गेला. मागच्या चाकांच्या वर कप्तान आणि दंतवैद्य, समोर विमावाला. तिघांनी सहा हातांनी रांजणाला वेढा घातला. गाडी खाली दबली. दोन निळे ठिपके बंपरच्या सावलीत दिसेनासे झाले.

उखडलेल्या रस्त्यावर गाडी जड, समंजस चालीने चढू लागली. खड्डा आला की मागचे चाक आत उतरे, वर येई, आणि धक्का हौद्यापर्यंत पोचेपर्यंत विरून जाई. शॉकअप खरोखरच उत्तम होते. धूळ मात्र सगळी मागे जात होती. आरशात नकाशेला तीन करडी डोकी दिसत, चौथे रांजणाचे. वरवर पाहता कोणते भाजलेले आहे ते सांगता आले नसते.

“हळू! अरे हळू!” कप्तान काचेवर थापा मारी.

“थांबू का?” नकाशेने बायकोला विचारले.

“रांजण ओरडला का?”

तो थांबला नाही. डाव्या हाताला दरी उघडत गेली. हे वळण त्याने स्वतः कागदावर काढले होते. इथे उतरती उन्हे झाडांच्या शेंड्यांवरून अशी मागे सरतात हे कागदावर कुठेच नव्हते.

रांजण अखंड पोचला. वाचनालयाची प्रमुख बाई त्याच्याभोवती फिरली, गळ्यावरून बोट फिरवले, आणि म्हणाली, “अंगणाच्या फाटकाच्या दुसऱ्या बाजूलाही असाच एक हवा. कराल?”

बायको नकाशेकडे वळली. “आणशील?”

कप्तान धूळ झटकत पुढे झाला. “अहो, आणेल की! थोडं सेटिंग केलं की—”

“नाही,” नकाशे म्हणाला. “या शॉकअपवर नाही, कप्तान. ते चुकीचे आहेत. मी चुकीचे घेतले. मऊ आणतो, स्वतः बसवतो, मग आणेन.”

“करते,” बायको त्या बाईला म्हणाली.

उतरताना हौद्यात बसायला कुणी तयार होईना. तिघे बसने जाणार होते. गाडी थांब्यावरून पुढे सरकली तेव्हा पापण्यांपर्यंत करडा झालेला कप्तान रांगेतल्या अनोळखी माणसाला हातवारे करून सांगत होता की चढ भलताच कठीण होता, पण मंडळाने मोहीम फत्ते केली.

मग खडी लागली. रिकामी पिकअप उडाली, आपटली, पुन्हा उडाली. बायकोने दाराची मूठ धरली; ती काही बोलू पाहत होती, पण प्रत्येक शब्द मधेच तुटत होता. थोड्या वेळाने तिने नाद सोडला आणि हसू लागली. तेही तुकड्यातुकड्यांनी येत होते. नकाशेने वेग कमी केला.