म्युरिअलबाईंची जोडी

उत्तर इंग्लंडमधल्या थॉर्नशॉ गावात माणूस आपली चूक विसरला, तरी शेजारी ती सांभाळून ठेवतात. म्युरिअल ऑर्मरॉड यांची चूक अडतीस वर्षं भिंतीपलीकडच्या थेल्मा क्लेगकडे होती, आणि थेल्मा वस्तू नीट जपणारी बाई.

दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. म्युरिअलबाई मजूर पक्षाकडून खासदार झाल्या तेव्हा थेल्माने घरोघर पत्रकं वाटली होती. मग गावातल्या मागांच्या कारखान्याची सरकारी मदत बंद करण्याचा ठराव संसदेत आला आणि अवघ्या एका मताच्या फरकाने मंजूर झाला. त्या दिवशी म्युरिअलबाई भाचीच्या लग्नात होत्या. पिसांची हॅट घालून हसतानाचा त्यांचा फोटो स्थानिक पेपरात पहिल्या पानावर आला. त्याच्याच खाली कारखान्याला कुलूप लागल्याची बातमी. थेल्माचा नवरा स्टॅन तिथे फिटर होता. त्याला पुन्हा काम मिळालं नाही. त्यानंतर थेल्माने त्यांना ‘म्युरिअल’ म्हणणं सोडलं. कुंपणावरून फक्त, “काय खासदारबाई, पाऊस येणार म्हणतात.”

खरी गोष्ट निराळी होती. वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे संसदेत, जोडी लावायची रीत आहे. एका बाजूच्या खासदाराला काम निघालं, तर समोरच्या बाजूचा एकजण त्याच्यासाठी मतदानाला जात नाही, हिशेब बरोबर. लिहून काही घ्यायचं नाही, शब्द पुरे. म्युरिअलबाईंची जोडी हुजूर पक्षाच्या पीअर्स लॅन्यनशी होती. “खुशाल जा लग्नाला,” तो म्हणाला होता, “मी गुलाबांची छाटणी करतो.” आणि त्याने मत दिलं.

त्या तणतणत आपल्या प्रतोदाकडे गेल्या. प्रतोदाने दार लावून घेतलं. “बोंब मारू नका. उद्या आपल्यालाही एखादा शब्द मोडावा लागेल.” पक्षासाठी म्युरिअलबाई गप्प बसल्या. पक्षाने पुढच्या निवडणुकीत त्यांना पडू दिलं. लॅन्यन यथावकाश लॉर्ड झाला.

आता या सगळ्यावर टीव्हीवर मालिका आली होती. लिहिणारा पोरगा त्यांना भेटायला आला होता. नावं बदलली, पण घडलं तसंच दाखवीन म्हणाला. आजच्या भागात तोच प्रसंग होता. म्युरिअलबाईंनी आल्याचा केक केला, भिंतीपलीकडे जाऊन घंटा वाजवली आणि थेल्माला बोलावलं. ती आली. त्या दिवशी खरं काय झालं ते बघायला, हे दोघींनाही ठाऊक होतं.

“लंडनच्या नटांना आपलं बोलणं कोण शिकवतं?” थेल्मा केक चावत म्हणाली. “दाढ दुखत असल्यासारखे बोलतात. आणि हे लॉर्ड लोक बघा, एवढा मोठा वाडा, पण कधी कुणी तुंबलेलं गटार काढताना दिसलंय?”

“पुढे बघ ना,” म्युरिअलबाई म्हणाल्या.

पोराने शब्द पाळला होता. जोडी, गुलाब, प्रतोदाचं बंद दार, सगळं आलं. फक्त लॅन्यन झालेला नट फार देखणा होता. मत देऊन बाहेर पडताना त्याने दरवानाकडे बघून एक डोळा मिचकावला, आणि थेल्मा खळखळून हसली.

“मेला! काय डोकं आहे! असा एकजण आपल्या बाजूला असता ना...”

मग हसू थांबलं. कप खाली ठेवून तिने विचारलं, “हे असंच झालं?”

“अगदी असंच.”

“म्हणजे तू त्याच्या नुसत्या शब्दावर गेलीस?”

अडतीस वर्षांनी आलेलं ते ‘तू’ ऐकून म्युरिअलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “तशी रीतच होती गं.”

“रीत!” थेल्मा म्हणाली. “मी स्टॅनला सांगायची, तिने आपल्याला विकलं म्हणून. तो म्हणायचा, काहीतरी मिळालं असेल तिला. मरेपर्यंत म्हणत होता. विकायला निदान अक्कल लागते, म्युरिअल. तू तर आमचा कारखाना त्या गुलाबवाल्याच्या जिभेवर ठेवलास, आणि हॅट घालून लग्नाला गेलीस.”

म्युरिअलबाईंना प्रतोदाचं सांगायचं होतं, पक्षाचं सांगायचं होतं. पण ते सगळं आत्ताच पडद्यावर दाखवून झालं होतं.

थेल्माने केकचा एक तुकडा कागदी रुमालात गुंडाळला आणि कोट चढवला. दारात ती थांबली.

“पुढच्या रविवारी येते. माझा टीव्ही लहान आहे. तो पंतप्रधान होतो का, ते बघायचंय.”

“ये,” म्युरिअलबाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांनी थेल्मा पुन्हा त्यांच्या घरी येऊ लागणार होती, तीही लॅन्यनसाठी.