पाचव्या दिवसाची बाकी

मित्रांनो, दोन बारीक गोळे आणि मधे एक तिरपी रेघ, एवढंच माझं रूप. तुम्ही मला टक्क्याचं चिन्ह म्हणता. पण वेबपानांच्या जावास्क्रिप्ट या भाषेत माझं काम निराळं आहे. तिथे मी भागाकारानंतर उरलेली बाकी सांगतो. ही भाषा जन्मली त्याला तीस वर्षं झाली. अधिक, उणे, गुणिले, भागिले या माझ्या भावंडांना सगळेच बोलावतात. माझी आठवण क्वचितच कुणाला होते.

पल्लवीला मात्र ती झाली. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगत तिचे वडील भीमराज यांचं शेत आहे. कालव्यातून निघणाऱ्या एकाच चारीवर, म्हणजे लहान पाटावर, पाच शेतं, रोज एकाची पाण्याची पाळी. आज कुणाची, यावरून उन्हाळाभर धुसफूस चाले. संगणकाचा डिप्लोमा करणाऱ्या पल्लवीने सुट्टीत एक पान तयार केलं. मोबाइलवर उघडलं, की आज पाणी कुणाचं ते दिसे. पाळी सुरू झाल्यापासूनचे दिवस पाचने भागून बाकी सांगायची, हे काम तिने माझ्यावर सोपवलं. एक उरला तर भीमराज, दोन तर मालनबाई, तीन तर रामजी, चार तर धनसिंग, पाच तर खाजा मिया.

चार दिवस पान बिनचूक चाललं. मालनबाईंनी पल्लवीच्या पाठीवरून हात फिरवला. मलाही धन्य वाटलं.

पाचव्या दिवशी पान कोरं दिसलं. नवं नाव नाही, म्हणून धनसिंगने पाणी आपल्याच शेतात राहू दिलं. दुपारी खाजा मिया भीमराजच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"भीमराज, वीस वर्षं आपला बांधाला बांध. आन तुझ्या पोरीच्या पानात माझंच नाव काहून न्हाई? तिकडं भुईमूग सुकून राहिला!"

भीमराजने पल्लवीला हाक मारली.

"चाचा, नाव लिहिलंय मी. थांबा, बघते," पल्लवी म्हणाली.

तिने बोटांवर मोजलं. पाच भागिले पाच, बाकी शून्य. तिने कपाळावर हात मारला. पाचने भागल्यावर पाच कधीच उरत नाहीत. मी इमानाने शून्य सांगत होतो आणि शून्यासमोर तिने कुणाचंच नाव लिहिलं नव्हतं.

मोबाइल बिघडला, असं ती सहज म्हणू शकली असती. पण ती म्हणाली, "चाचा, चूक माझी हाय. तुमाला उगं तकलीफ झाली."

फावडं उचलून ती त्यांच्याबरोबर चारीवर गेली. धनसिंगला तिने सगळं समजावून सांगितलं. "मला काय म्हाईत? म्या पान पाह्यलं," असं पुटपुटत त्यानेच पाणी खाजा मियांच्या शेताकडे वळवलं. भुईमुगाच्या सऱ्या भिजू लागल्या, तेव्हा कुठे पल्लवी बांधावर बसली आणि शून्यासमोर नाव लिहून तिने मोबाइल पुढे केला.

खाजा मियांनी चष्मा नीट केला. "म्हंजे शून्य आलं की मी?"

"व्हय चाचा."

"मंग लई मोठा आकडा हाय तो!" म्हणत ते खळखळून हसले.

मित्रांनो, मी आजवर किती हुशार हातांखालून गेलो; पण भर उन्हात चूक कबूल करून फावडं उचलणारे हात मला फार मोठे वाटले. तुम्हीही मला अवश्य बोलवा. एवढंच करा, की पान लोकांच्या हाती देण्याआधी शेवटच्या माणसापर्यंत एकदा मोजून बघा.