पाण्याला ढील

शिंप्याने गळ ओठांत धरला, दोरीचं टोक जिभेने ओलं केलं आणि डोळे बारीक करून ते गळाच्या कडीतून ओवू लागला.

"मामंजी, थुंका!" सून ओरडली. "आधी थुंका तो!"

दचकून त्याने गळ तळहातावर काढला. जन्मभर टाचण्या ओठांत धरून काम केलेलं. तोंड रिकामं असलं की त्याचे हातच चालत नसत.

"टाचणी सरळ असते हो. ही वाकडी. एकदा आत शिरली की माघारी येत नाही."

"म्हणजे तुझ्या सासूसारखी."

सून हसली, आणि हसता हसता थांबली. शिंपीही ओशाळला. सासूचं नाव नदीकाठच्या या ओसरीवर आज पहिल्यांदाच निघालं होतं, आणि तेही त्याच्याच तोंडून.

ओसरीच्या दोन खांबांना दोर बांधून ताणला होता. त्याला अंतराअंतराने हातभर लांबीच्या दोऱ्या, आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला एक गळ. नदीकाठची माणसं त्याला माळ म्हणत. संध्याकाळी माळ पाण्यात आडवी सोडायची, सकाळी उचलायची. रात्री राबायचं ते गळांनी. शिंप्याच्या गाठी देखण्या होत्या, बारीक आणि एकसारख्या. फक्त त्याने त्या फार जवळ जवळ मारल्या होत्या.

"ही दोरी ताणा. शेजारच्या गळापर्यंत पोहोचली का? पोहोचली. मग पाण्यात दोघी एकमेकींच्या झिंज्या धरणार."

"शेजार म्हटला की एवढं चालायचंच."

"शेजार असावा, पण हात पोहोचू नये," ती म्हणाली आणि त्याच्या देखण्या गाठी एकेक करून सोडवू लागली.

मासेमारी शिकायला तो आला नव्हता. घरून निघताना बायकोने दारात सांगितलं होतं, "तिला घेऊनच या." मुलगा आतल्या खोलीत होता, त्याने काही सांगितलं नव्हतं. तो कधीच काही सांगत नसे. कशावरून तरी त्याचं बिनसायचं आणि मग आठवडेच्या आठवडे अबोला. हात उगारणं नाही, शिवी नाही. ताट सरकवायचा, दिवा मालवायचा, पण शब्द नाही. तो आणखी बिनसू नये म्हणून घरात सगळेच हळू बोलू लागले होते. थंडी पडण्याआधी सून चार दिवसांसाठी म्हणून माहेरी आली, आणि थंडी सरली तरी परतली नव्हती.

सकाळी शिंपी धक्क्यावर उतरला तेव्हा सुनेचा बाप, नावाडी, होडीतलं पाणी उपसत होता. व्याह्याला पाहून तो उठला नाही. डब्याने पाणी बाहेर फेकत राहिला आणि खाली बघतच म्हणाला,

"कशाला आलात ते कळलं, व्याही. नवरा आला होता, त्याला ती नाही म्हणाली. विहीणबाईंचा निरोप आला, त्यालाही नाही म्हणाली. तुम्ही विचारलंत तर मात्र येईल. तुम्हाला नाही म्हणायला तिची जीभ उचलत नाही. म्हणून सांगतो, विचारायच्या आधी जरा बघा."

"काय बघू?"

"मला काय माहीत? तुम्ही मापं घेणारी माणसं."

मग सून दारात आली. पदराला हात पुसत तिने वाकून नमस्कार केला आणि सरळ उभी राहिली, ऐकायला तयार असल्यासारखी. वाटभर घोकलेलं वाक्य शिंप्याच्या ओठांपर्यंत आलं. ओसरीवर गळांचं वेटोळं पडलं होतं. ते पाहून तो म्हणाला,

"मासे कसे धरतात ते शिकव मला."

दुपार अशी गाठींत गेली. ऊन कलल्यावर दोघांनी गांडुळं खणली. शिंप्याला ती बोटांत धरवेनात. सून म्हणाली, नाडी ओवता ना, तशीच ओवा. मग जमलं. आमिष लावलेले गळ तिने टोपलीच्या काठावर ओळीने टोचून ठेवले, म्हणजे दोर सुटताना गुंता व्हायला नको.

नावाड्याचा खांदा धरला होता, त्यामुळे होडीत दोघंच. माळेचं एक टोक सुनेने काठच्या झाडाच्या मुळाला बांधलं. एक चाकू शिंप्याच्या शेजारी फळीत रोवला.

"मी वल्हवते, तुम्ही सोडा. एका वेळी एक गळ. कुठे अडकलाच तर बघत बसायचं नाही, कापायचं. दोर कापा, कापड कापा, जे हाताला येईल ते."

शिंप्याने मान डोलावली. होडी काठ सोडून निघाली. पाणी सायीसारखं शांत दिसत होतं, पण खालून त्याची ओढ होती. ती दोरातून बोटांना कळत होती. तो घाई करी, नाहीतर विसरे. दोर हातात घट्ट आवळून धरायची त्याची खोड जाईना.

"ढील द्या, मामंजी. शिलाई नाही ही. ताणून सोडलीत तर पहिल्याच लाटेला तुटेल."

आणि मग, वल्ह्याच्या तालावर, ती गुणगुणू लागली.

"पहिला गळ बाई नदीच्या नावाचा,
दुसरा गळ बाई उपाशी गावाचा.
सोड सोड दोरा, पाण्याला दे ढील,
ताणलेली गाठ पाणीच ओढील."

एका ओळीला एक गळ. ओळ संपली की बोटं आपोआप सुटत, पुढची सुरू झाली की पुढचा गळ हाती येई. आता चूक होईना. शिंपी ऐकत राहिला, सोडत राहिला. लग्न होऊन घरात आली तेव्हा दुकानात त्याच्याजवळ बसून ती काजं करायची आणि तेव्हाही असंच गुणगुणायची. मशीनच्या आवाजात शब्द कळत नसत, नुसता सूर कळे. मग कधीतरी तो सूर थांबला. कधी थांबला, हे त्याला आठवेना. मशीन तर रोजच चालत होती.

तेवढ्यात त्याचा हात ओढला गेला.

गळ सदऱ्याच्या बाहीत घुसला होता. सदरा नवा, या प्रवासासाठी स्वतः शिवलेला, मनगटाशी दोन बटणांची पट्टी. होडी पुढे चालली होती, दोर मागे काठाला बांधलेला. शिंप्याने चाकूकडे पाहिलंसुद्धा नाही. खडूची रेघ मारल्याशिवाय त्याने जन्मात कापड कापलं नव्हतं. उसवताना धागा धरावा तसा त्याने बोटांच्या चिमटीत गळ धरला आणि हलक्या हाताने सोडवू लागला. दोर ताणला गेला. बाही ताणली गेली. हात कोपरापर्यंत पाण्यात गेला आणि होडी त्या अंगाला कलली.

गाणं थांबलं. सुनेने वल्हं आत टाकलं, गुडघ्यांवर सरपटत पुढे आली, चाकू उपसला आणि एका झटक्यात पट्टी कापून टाकली. कापडाचा तुकडा गळासकट पाण्यात दिसेनासा झाला. होडी डुलत डुलत सरळ झाली.

"ओरडला का नाहीत?" तिने चाकू पुन्हा फळीत रोवला. "मी पाठमोरी! हाक तरी मारायची!"

शिंप्याने ओल्या हाताकडे पाहिलं.

"आपल्या घरात कोणी ओरडत नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे मला ते."

ती पुन्हा वल्ह्यापाशी जाऊन बसली. उरलेले गळ त्याने सोडले, तिने वल्हवलं. शेवटी धोंडा सोडला, त्यावर तरंगायला रिकामा डबा बांधला. तिने होडी वळवली. मग मधेच काठाकडे बघत शिंप्याने मोठ्याने हाक मारली,

"अहो व्याही! चुलीवर काही ठेवलंय का, की नुसतीच भाषणं?"

पाण्यावरून गेलेला स्वतःचाच आवाज ऐकून तो चपापला. काठावरून नावाड्याने काहीतरी आचरट उत्तर दिलं. सून वल्हवता वल्हवता खाली मान घालून हसत होती.

सकाळी माळ उचलली. बरेच गळ कोरे, काहींवरचं आमिष नुसतंच कुरतडलेलं. मग दोरीला धक्के बसू लागले आणि तीन मिशाळ मासे एकामागून एक होडीत आले. तिसऱ्याच्या गळाला शिंप्याच्या बाहीची पट्टी लटकत होती, दोन बटणांसकट.

"कापडाला भुलला बिचारा," सून म्हणाली.

"गिऱ्हाईक पारखी आहे."

ते काठाला लागले. मासे घेऊन शिंपी वर चढला, आणि ओसरीवर त्याला पिशवी दिसली. भरलेली, तोंडाशी बांधलेली. वर घडी घालून तिची बाहेर जायची शाल. पहाटेच उठून भरली असावी.

सून मागून आली. पिशवीकडे न बघता म्हणाली,

"मामंजी, काल तुम्ही विचारलं नाहीत. आज विचारणार असाल तर... होडी ऊन वर यायच्या आत निघते."

नावाडी होडी बांधत होता. त्याने वर पाहिलं नाही. फक्त दोराला आणखी एक वेढा द्यायचा होता तो हातातच राहिला.

शिंप्याने मासे बादलीत सोडले. हात धुतले, धोतराला पुसले. बराच वेळ पुसले.

"हात पुढे कर," तो म्हणाला.

तिने काही न समजून उजवा हात पुढे केला. शिंप्याने तिच्या खांद्यावर अंगठा ठेवला, वीत पसरली, आणि विती टाकत मनगटापर्यंत आला.

"बाही खांद्यात सैल हवी. वल्हवताना काखेत ओढ बसता कामा नये. आणि मनगटाला घट्ट, एकदम अंगाबरोबर. पट्टी नको, बटण नको. गळाला धरायला काही ठेवायचंच नाही. जाड कापड आहे दुकानात, तेच घेतो. पुढच्या आठवड्यात कोणाबरोबर तरी पाठवतो."

ती तशीच उभी. हात पुढे.

"मामंजी, घरी काय सांगाल?"

"बोलू नकोस. माप चुकेल."

नावाडी ओसरीवर चढला. त्याने पिशवी उचलली, शाल काखेत मारली, आणि दोन्ही आत नेऊन ठेवली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, मग तो बराच वेळ बाहेर आला नाही.

 शिंप्याने सुनेचा हात कोपराखाली धरला, मनगटाभोवती दोन बोटांचं कडं केलं आणि मनातल्या मनात आकडा पाठ केला.

"आता दुसरा," तो म्हणाला.